भावाला पेशवाई वेषात बसवून तैलचित्र कसे रंगवावे

नाटकातला पेशवाई वेष अंगावर चढला की घरातला साधा माणूसही रुबाबदार दिसायला लागतो, आणि नवख्या चित्रकाराची पंचाईत तिथूनच सुरू होते. पगडी, जरी, मोती, तलवार यांत तो असा रमतो की चेहऱ्याची वेळ येईपर्यंत दमलेला असतो. अडचण जुनीच आहे. एदुआर माने या फ्रेंच चित्रकाराने 1863 मध्ये आपला भाऊ ग्युस्ताव याला छैलछबिल्या स्पॅनिश तरुणाच्या वेषात उभे करून पुरुषभर उंचीचे चित्र रंगवले. ते आज न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात आहे. वेष स्टुडिओतल्या साठ्यातला. माने स्पेनला गेला तो नंतर, 1865 मध्ये. पॅरिसच्या अधिकृत प्रदर्शनाने नाकारलेल्या चित्रांच्या प्रदर्शनात हे चित्र लागले तेव्हा कपडे झगझगीत आहेत पण आतला माणूस कमी पडतो, अशी टीका झाली. म्हणून खालचा सगळा क्रम एका हिशेबाने लावला आहे: चेहरा आधी, कापड नंतर, जरी आणि मोती अगदी शेवटी.

सुरुवात करण्यापूर्वी एक गोष्ट नक्की करा. तुम्हाला पेशवा रंगवायचा आहे की पेशव्याचा वेष केलेला भाऊ? पहिले ऐतिहासिक चित्र झाले, दुसरे व्यक्तिचित्र. दुसऱ्यात नाटकीपणा लपवायची गरज नसते. बांधीव पगडी थोडी मोठी आहे, भिकबाळी चापाची आहे, हे दिसले तरी चालते, उलट चित्राला त्याने मजा येते. हा लेख दुसऱ्या प्रकारासाठी आहे.

वेष आणायचा कसा

नाटकाचे कपडे भाड्याने देणाऱ्यांकडे पेशवाई संच तयार मिळतो: अंगरखा, सुरवार, कमरेचा शेला, उपरणे, पगडी, मोत्यांचा कंठा, भिकबाळी, तलवार. भाडे दिवसावर असते, वर अनामत. चित्राला मात्र पाच-सहा बैठका लागतात आणि त्या तीन-चार आठवड्यांत पसरतात. पूर्ण संच तेवढे दिवस ठेवणे परवडत नाही. त्यामुळे दोन भाग करा.

पगडी विकतच घ्या, किंवा पूर्ण काळासाठी भाड्याने ठेवा. ती चेहऱ्याचा भाग आहे. तिची सावली कपाळावर पडते आणि लाल कापडाची झाक भुवयांच्या वर उतरते. पगडीशिवाय रंगवलेल्या कपाळावर मागाहून पगडी बसवली तर ती चिकटवल्यासारखी दिसते. तसेच गळ्यापाशी पांढरे कापड प्रत्येक बैठकीला हवे, कारण अंगरख्याचा उजेड खालून हनुवटीवर परततो. घरातला पांढरा सुती झब्बा त्यासाठी पुरतो. बाकीचा संच दोनदाच आणा: पहिल्या दिवशी पोझ ठरवायला आणि नंतर कापड रंगवायच्या दिवशी.

दुकानात हे तपासा. अंगरखा सुती किंवा मलमलचा मागा. सॅटिनचा असेल तर नको म्हणा; सॅटिनवर प्रत्येक चुणीला पांढरी रेघ चमकते आणि नजर सतत तिकडे जाते. शेल्याची जरी जुनी, थोडी काळवंडलेली असेल तर उत्तम. नवी प्लास्टिकची जरी पिवळी आणि सपाट दिसते. पगडीसाठी डोक्याचा घेर भुवयांच्या वर टेपने मोजून न्या. सैल निघाली तर आतून सुती पट्टी घाला, नाहीतर दर बैठकीला ती वेगळी कलते आणि सावली हलते. काळाचे भानही ठेवा. दुकानदार हमखास पुणेरी पगडी पुढे करतो, पण ती रानडे-टिळकांच्या छायाचित्रांतली, एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातली. दरबारी वेषावर ती विजोड दिसते.

कपडे घडीचे येतात, घडीच्या चौकटी अंगभर उमटलेल्या असतात. इस्त्री करून त्या काढा, नाहीतर चित्रात छातीवर खिडकीची जाळी आल्यासारखे दिसेल.

जागा, उजेड, बैठक

उत्तरेची खिडकी मिळाली तर प्रश्नच मिटला, तिथे वर्षाचा बराच काळ ऊन शिरत नाही. फ्लॅटमध्ये ती क्वचितच वाट्याला येते. मग खिडकीवर ट्रेसिंग पेपर किंवा पातळ पांढरा पडदा लावा आणि रोज एकाच वेळेला, समजा सकाळी 9 ते 11, काम करा. घरातली ट्यूबलाइट बंद. खिडकीचा निळसर उजेड एका गालावर आणि बल्बचा पिवळा दुसऱ्यावर पडला की कातडीचा रंग जुळवता जुळत नाही. फक्त दिव्यावर काम करायचे असेल तर 5000 केल्व्हिनच्या आसपासचा (म्हणजे दिवसाच्या उजेडासारखा पांढरा) आणि सीआरआय, म्हणजे रंग खरे दाखवण्याचा निर्देशांक, 90 च्या वर असलेला एकच एलईडी वापरा, त्यापुढे पांढरे कापड.

साध्या व्यक्तिचित्रात उजेड बराच वरून घेतात. पगडी असताना तसे केले तर दोन्ही डोळे काळोखात जातात. उजेडाचा उगम डोक्याच्या फूट-दीड फूट वर, बाजूने 45 अंशांवर ठेवा आणि पगडीची सावली भुवईच्या वर थांबते का ते पाहा. पायदिव्यांसारखा खालून उजेड देऊन नाटकाचा आभास आणायचा मोह टाळा. सज्जन भाऊही त्यात खलनायक दिसतो.

भावाला खिडकीपासून पाच-सहा फुटांवर बसवा आणि तुम्ही त्याच्यापासून सहा ते आठ फूट लांब उभे राहा. तीन फुटांवरून रंगवलेल्या चेहऱ्यात नाक मोठे आणि कान मागे पळालेले येतात. खुर्चीचे पाय आणि त्याची पावले जिथे आहेत तिथे जमिनीवर खडूने किंवा टेपने खुणा करा. पोझ 20-25 मिनिटे, मग पाच मिनिटे विश्रांती. एका बैठकीत अशा चार फेऱ्यांपेक्षा जास्त नकोत. भाऊ असल्यामुळे तो बोलणार, चिडवणार, फोन बघणार, हे गृहीत धरा. डोळे-कपाळ रंगवताना बोलू द्या. तोंड रंगवायच्या फेरीला मात्र गप्प बसायचे हे आधीच ठरवून टाका.

हात तलवारीच्या मुठीवर ठेवायचा असेल तर एक लक्षात घ्या. नाटकाची तलवार पत्र्याची, हलकी. तिच्यावर टेकलेला हात सैल पडतो आणि चित्रात तो सैलपणा लगेच कळतो. पोझच्या वेळी हाताखाली एखादी लोखंडी सळई किंवा जड काठी द्या आणि मूठ नंतर तलवारीवरून रंगवा.

कॅनव्हास आणि माप

नवख्याने 24 × 30 इंचांच्या कॅनव्हासवर कमरेपर्यंतचे चित्र घ्यावे. डोके खऱ्यापेक्षा थोडे लहान ठेवा: माथ्यापासून हनुवटीपर्यंत 7 इंच. आता हिशेब बघा. वर 2 इंच मोकळे, पगडी आणि तुरा माथ्यावर आणखी 4 इंच, मग चेहऱ्याचे 7. हनुवटी वरून 13 व्या इंचावर आली. कंबर तिथून साधारण दोन डोकी खाली, म्हणजे 27 च्या आसपास, आणि हातांना खाली 3 इंच उरतात. हे मोजले नाही तर हमखास घडणारा घोटाळा असा: चेहरा नेहमीच्या जागी काढला जातो आणि तुरा कॅनव्हासच्या वरच्या कडेला आपटतो.

मोठ्या कॅनव्हासआधी पोस्टकार्डाएवढ्या चार-पाच रेखाटनांत फक्त तीन टोन मांडून पाहा: गडद, मधला, उजळ. पार्श्वभूमी चेहऱ्याच्या उजळ बाजूपेक्षा गडद आणि सावलीच्या बाजूपेक्षा किंचित उजळ ठेवली की डोके आपोआप पुढे येते. मागे रंगवलेला पडदा हवा असेल तर तो धूसर ठेवा. बाबूराव पेंटरांनी संगीत नाटकांसाठी रंगवलेले पडदे प्रसिद्ध होते, पण ते नटाच्या मागे वीस फूट असत. तुमचा पडदा भावाच्या पाठीला टेकलेला आहे.

रंग थोडेच घ्या: टिटॅनियम व्हाइट, यलो ऑकर, बर्न्ट सिएना, रॉ अंबर, व्हर्मिलियन, क्रिमसन, अल्ट्रामरीन, व्हिरिडियन आणि जरीच्या शेवटच्या टिंबांसाठी लेमन यलो. पांढऱ्याची ट्यूब सर्वांत मोठी, कारण निम्मे चित्र अंगरख्याचे आहे. झिंक व्हाइट स्वस्त पडतो म्हणून घेऊ नका, त्याचा थर ठिसूळ होतो आणि काही वर्षांनी तडकतो. डुकराच्या केसांचे चपटे ब्रश 4, 8 आणि 12 नंबरचे, बारीक कामाला एक गोल मऊ ब्रश, एक पॅलेट नाइफ. काळा रंग पहिल्या चित्रात नकोच. अल्ट्रामरीन आणि बर्न्ट सिएना मिळून पुरेसा काळा होतो आणि तो मेलेला दिसत नाही.

पहिली बैठक पगडीशिवाय

इथे घाई करू नका. पगडी कपाळाचा वरचा भाग आणि अख्खा माथा झाकते. डोळे डोक्याच्या मधोमध असतात हे सगळ्यांना पाठ असते, पण माथाच दिसत नसेल तर मध्य कुठला? पगडीच्या कडेपासून हनुवटीपर्यंतचे अंतर डोके समजून त्याचा मध्य काढला जातो, डोळे खाली घसरतात आणि चेहरा लहान मुलासारखा होतो. म्हणून पहिल्या बैठकीत पगडी बाजूला ठेवून, चारकोलने पूर्ण डोके काढा. माथा, हनुवटी, डोळ्यांची रेघ, नाकाचा तळ, कान. ब्रशची दांडी हात ताठ ठेवून समोर धरायची आणि अंगठ्याने माप घ्यायचे. मगच पगडी घालायला सांगा आणि त्याच डोक्यावर ती बसवा. तिची कड सरळ रेघ नसते; डोक्याभोवती फिरणारी लंबवर्तुळाची कमान असते आणि दोन्ही कानांच्या वर ती कुठे जाते हे बघून काढायचे.

ओळखीच्या चेहऱ्याचा धोका वेगळाच आहे. भावाचे नाक तुम्हाला पाठ आहे, म्हणून तुम्ही ते बघतच नाही. शिवाय चित्रकाराचा हात नकळत स्वतःच्या चेहऱ्याकडे झुकतो, आणि इथे दोघांच्या तोंडवळ्यात आधीच साम्य. चित्र पूर्ण होते आणि घरातले म्हणतात, हा तर तूच! यावर उपाय म्हणजे आरसा. दर अर्ध्या तासाने चित्राकडे पाठ करून आरशात चित्र आणि भाऊ दोन्ही एकत्र पाहा. डोळ्यांमधले अंतर आणि वरच्या ओठाची उंची ही दोन मापे पुन्हा पुन्हा तपासा. साम्य बहुतेक वेळा तिथेच निसटते.

छायाचित्र मदतीला घ्या, पण मोबाइलच्या पुढच्या कॅमेऱ्याने काढू नका. काही फोन त्यात प्रतिमा उलटी साठवतात. अंगरख्याचे बंद भलत्या बाजूला येतात आणि ते कळायला चित्र पूर्ण व्हावे लागते.

खालचा थर

चारकोलची रेघ झटकून फिकी करा आणि रॉ अंबर टर्पेंटाइनमध्ये पातळ करून त्याच रेघा पुन्हा काढा. मग त्याच एका रंगात सावलीचे भाग भरा आणि उजेडाचे भाग चिंधीने पुसून काढा. या टप्प्यावर डोळे बारीक करून पाहिले तर माणूस ओळखू यायला हवा. येत नसेल तर रंगाने येणार नाही. दोन-तीन दिवस वाळू द्या, पावसाळ्यात मुंबई-कोकणात जास्त.

थरांचा नियम सोपा आहे. खालचा थर कमी तेलाचा, वरचा जास्त तेलाचा. पहिल्याला नुसते टर्पेंटाइन, दुसऱ्याला तीन भाग टर्पेंटाइन आणि एक भाग जवसाचे तेल, शेवटच्याला निम्मे-निम्मे. उलटे केले तर तेलकट खालचा थर हळूहळू वाळत राहतो, वरचा आधीच कडक होतो आणि भेगा पडतात.

चेहरा: तिसरी आणि चौथी बैठक

या चित्रातली सर्वांत कठीण गाठ अशी की पांढरा अंगरखा आपल्या बहुतेकांच्या सावळ्या-गव्हाळ चेहऱ्यापेक्षा खूप उजळ असतो. नवखा चित्रकार घाबरून चेहऱ्यात पांढरा घालत जातो. चेहरा राखेसारखा होतो, तरी कापड पुढेच राहते. करायचे उलटे: चेहरा आहे तसा खोल रंगाचा राहू द्या आणि कापडाचा पांढरा खाली ओढा. पांढऱ्यात ऑकर आणि किंचित करडा मिसळून अंगरख्याचा मुख्य टोन बनवा. शुद्ध पांढरा छातीवर एक-दोन ठिकाणी, तोही शेवटच्या दिवशी.

चेहऱ्याच्या उजळ भागाला यलो ऑकर, व्हर्मिलियनचा कण, मग पांढरा. सावळ्या कातडीवर उजेड वाढवायला पांढऱ्याआधी ऑकर वाढवून बघा, बहुतेक वेळा तेवढ्याने भागते. मधल्या टोनला बर्न्ट सिएना आणि ऑकर. सावलीला बर्न्ट सिएना आणि अल्ट्रामरीन, पातळ लावलेले. कपाळ जरा पिवळसर, गाल-नाक-कान तांबूस, दाढीचा भाग थंड: तिथे मिश्रणात व्हिरिडियनचा अगदी कण घाला, नाहीतर नुकती केलेली दाढी दिसत नाही. कपाळावरच्या पगडीच्या सावलीत क्रिमसन, हनुवटीखाली अंगरख्याचा परतलेला थंड करडा उजेड. या दोन छटा चेहऱ्याला वेषाशी जोडतात.

चेहऱ्याला रंगभूषा करू नका. पॅनकेकने, म्हणजे नटांच्या मेकअपच्या जाड थराने, कातडीच्या छटा एकसारख्या होतात आणि तुम्हाला रंगवायला काही उरत नाही. काजळाची बारीक रेघ आणि खोटी मिशी चालेल. मिशी मात्र प्रत्येक बैठकीला त्याच जागी चिकटली पाहिजे. नाकाच्या तळापासून किती खाली, ते मोजून लिहून ठेवा.

डोळ्यांचा पांढरा भाग पांढरा नसतो, पगडीच्या सावलीत तर तो चक्क करडा असतो. डोळ्यातला चमकीचा ठिपका दोन्हीकडे एकाच दिशेला आणि एकदाच लावायचा.

कापडाचा दिवस

पूर्ण संच आणा आणि लांब दिवस धरा. चुण्या हा इथला घोळ. भाऊ उठला, पुन्हा बसला, की सगळ्या चुण्या बदलल्या. त्यामुळे मोठ्या चुण्या पहिल्या 25 मिनिटांत पक्क्या करा: खांद्यापासून काखेकडे जाणाऱ्या, कोपराच्या वाकातल्या, शेल्याच्या वरच्या. छायाचित्र घ्या. नंतर अंगरखा पाठीला उशी लावलेल्या खुर्चीवर किंवा शिंप्याच्या डमीवर चढवून बारकावे शांतपणे रंगवा. भावाला तेवढा वेळ सोडून द्या, पुढच्या बैठकीला तो आनंदाने येईल.

पांढऱ्या कापडाच्या सावल्या अल्ट्रामरीन, बर्न्ट सिएना आणि पांढरा यांच्या करड्या मिश्रणाने करा. शेल्याजवळच्या सावलीत शेल्याचा रंग मिसळा. मलमलच्या चुणीची एक कड धारदार असते आणि दुसरी विरघळते. दोन्ही धारदार केल्या की कापड पत्र्याचे होते.

जरीसाठी सोनेरी रंगाची बाटली विकत घेऊ नका. तिच्यातले कण समोरून चमकतात, बाजूने काळे दिसतात आणि भिंतीवर टांगल्यावर खोलीतल्या दिव्याबरोबर चित्राचा तोल बदलतो. जरी म्हणजे चार टोन: रॉ अंबर आणि व्हिरिडियनचा गडद, बर्न्ट सिएना-ऑकरचा मधला, ऑकर-पांढऱ्याचा उजळ आणि लेमन यलोमध्ये पांढरा घालून केलेली अगदी मोजकी टिंबे. आधी पट्टीचा अख्खा गडद-मधला भाग भरा, बुट्ट्या त्यावर. चुणी वळते तिथे बुट्टीही अर्धी गायब होते. प्रत्येक बुट्टी पूर्ण काढली तर शेला कागदी दिसतो. उजळ टिंबे फक्त उजेडाकडे तोंड असलेल्या चुणीवर.

मोत्यांच्या कंठ्याला उलट क्रम लागतो. आधी गळ्यावरची त्याची सावली, मग करड्या रंगाचे गोल, मग प्रत्येकाच्या सावलीच्या बाजूची कोर, खालच्या कडेला परतलेला उजेड आणि सरतेशेवटी पांढरा ठिपका. उजेडाजवळचे चार-पाच मोती पूर्ण करा, बाकीचे नुसते सुचवा. सगळे सारखे चमकले की नजर चेहऱ्यावर थांबत नाही.

बहीण बसणार असेल तर

शालू किंवा पैठणी, तन्मणी, नथ, खोपा. बहुतेक सूचना त्याच, दोन वेगळ्या. नथ वरच्या ओठावर येते आणि तिथे सावली टाकते, त्यामुळे तोंड आधी नथीशिवाय पूर्ण करून वाळू द्या आणि नथ त्यावर रंगवा. आणि रेशमाचा ताणा-बाणा दोन रंगांचा असेल तर उजेडात एक रंग दिसतो, सावलीत दुसरा. त्यांची सरासरी काढून एकच रंग मिसळू नका. वेष भावाला स्त्री भूमिकेचा द्यायचा विचार असेल तर पुण्यातल्या बालगंधर्व रंगमंदिरात गोपाळ देऊसकरांनी रंगवलेली बालगंधर्वांची चित्रे आधी बघून या. सातारा जिल्ह्यातल्या औंधच्या श्री भवानी संग्रहालयातल्या जुन्या तैलचित्रांतले कापड आणि दागिनेही तासभर थांबून पाहण्यासारखे आहेत.

शेवटची बैठक आणि नंतर

शेवटी फक्त हात, कडा आणि चेहऱ्याची दुरुस्ती. भावाला पुन्हा पूर्ण वेषात बसवायची गरज नाही, पगडी आणि झब्बा पुरे. दहा फुटांवरून पाहा: नजर पहिल्यांदा कुठे जाते? शेल्यावर गेली तर शेल्याची चमक कमी करा, चेहऱ्याची वाढवू नका. वाळलेल्या भागात रंग मंद, कोरडा दिसत असेल तर तिथे जवसाच्या तेलाचा अगदी पातळ हात फिरवून लगेच कापडाने टिपून घ्या, मूळ खोली परत दिसते.

तेलाने भिजलेल्या चिंध्या चुरगळून डब्यात टाकू नका. जवसाचे तेल वाळताना गरम होते आणि अशा ढिगाला आपोआप आग लागू शकते. चिंध्या पसरून वाळवा किंवा पाण्यात भिजवून झाकणाच्या डब्यात भरा.

अंतिम वार्निश सहा महिने ते वर्षभराने, आणि शक्यतो हिवाळ्यात. दमट दिवशी लावलेले वार्निश पांढरट धुके धरते. तोपर्यंत चित्र भिंतीकडे तोंड करून अंधारात ठेवू नका, अंधारात जवसाचे तेल पिवळे पडते. पावसाळ्यात भिंत आणि कॅनव्हास यांच्यामध्ये कॉर्कचे तुकडे लावून अर्धा इंच हवा खेळती ठेवा, नाहीतर मागून बुरशी चढते. भावाचे नाव, वेष, वर्ष आणि वापरलेले रंग मागच्या लाकडी चौकटीवर पेन्सिलने लिहा. कॅनव्हासच्या पाठीवर शाईने लिहू नका, काही शाया कापडातून पुढच्या बाजूला फुटतात.